हिरव्या बाहुल्याचे दोन हात

लॅपटॉपाला भोकं दोन होती, आणि त्यांतलं एक मेलेलं होतं.

हे केवळराम मेश्रामांच्या ध्यानात आलं ते अगदी नको त्या वेळी. शब्द देऊन झाला होता. तोही घरच्या बाईला. आणि घरच्या बाईला दिलेला शब्द मागे घ्यायची सोय कुठल्याच कायद्यात नाही.

त्याचं असं झालं. चैतात दुर्गाबाई पहाटेच्या मोहफुलं वेचायला गेल्या. झाडाखाली फुलांचा सडा, टोपली भरत आलेली, आणि एक टपोरं फूल नेमकं खड्ड्याच्या काठावर. फूल हाती आलं, पाय खड्ड्यात गेला. मांडीपर्यंत प्लास्टर बसलं. तिकडे बंगलोरला सूनबाई मोनालीची तारीख अजून लांब होती. पण बाळाला कसली घाई झाली कोण जाणे, ते आधीच जगात येऊन बसलं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी. पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत राहिली, मग आईच्या कुशीत आली, आणि आता बुद्धपौर्णिमेला तिचं नामकरण ठरलं होतं. बाळाला प्रवास नको असं तिकडचे डॉक्टर म्हणत होते. आजीला प्रवास नको असं आजीचा पाय म्हणत होता.

दुर्गाबाई रडल्या नाहीत. खाटेवर पडल्या पडल्या त्या पाळणा रचत होत्या. आमच्या केशोरी गावात कोणाच्याही घरी बाळ झालं की पाळणा दुर्गाबाईंचा, हे ठरलेलं. रोवण्याच्या दिवसांत गुडघाभर चिखलात धानाचे परे, म्हणजे रोपं, लावताना त्या एक ओवी टाकायच्या, बाया ती उचलायच्या, आणि शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत हिरव्या रोपांसोबत ओव्याही लागत जायच्या. गावची निम्मी पोरं त्यांच्या आवाजावर झोपलेली. घरची नात तेवढी राहिली होती.

"मी गाईन आन् ते आयकणार नाही," भिंतीकडे तोंड करून त्या एकदाच म्हणाल्या.

केवळरामांनी तेव्हाच्या तेव्हा शब्द दिला. "नामकरणाच्या दिवशी तुले नात दाखवतो. आन् तुया पाळणा तिच्या कानात पोचवतो. मी टेलपर्यंत पाणी नेलेला माणूस आहो, दुर्गा!"

या वाक्याचं वजन कळायला कालवा माहीत पाहिजे. केवळराम कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. कालव्याचं तोंड म्हणजे हेड आणि शेवटचं टोक म्हणजे टेल. हेडवाला शेतकरी पोटभर पाणी घेतो, ढेकर देतो, आणि वर म्हणतो, औंदा पाणी कमीच सोडलं. टेलवाला धुऱ्यावर बसून कोरड्या पाटात पाहत राहतो. टेलला पाणी पोचवणं हे केवळरामांचं आयुष्यभराचं तप. त्या तपापायी त्यांनी निम्म्या तालुक्याचा रोष घेतला होता, आणि उरलेल्या निम्म्याला त्यांची ओळखच नव्हती.

शब्द पाळायचं साधन म्हणजे मुलाने, संघदीपने, दिवाळीत मागे ठेवलेला लॅपटॉप. "बाबा, जुना आहे, पण चालते," असं तो म्हणाला होता. आमच्याकडे हे वाक्य बैलासाठी, सायकलीसाठी आणि सासऱ्यासाठीही वापरतात. चालायचा तो, पण स्वतःच्या अंगाने काही करत नसे. त्याची बोट फिरवायची पाटी बधिर झालेली. आवाज बसलेला. कॅमेरा जन्मतःच नव्हता. म्हणजे बाहेरून माऊस पाहिजे, बोलायला-ऐकायला दांडीवाला हेडफोन पाहिजे, कॅमेरा पाहिजे, आणि नेट चालायला कंपनीची ती बोटभर कांडी पाहिजे. तोंडं चार, भोकं दोन, त्यातलं जिवंत एक.

पहिला सल्ला अर्थातच शेजारच्या मोहनलाल पटलेंचा. मोहनलालजींचं शेत नेमकं हेडवर, कालव्याच्या गेटाला लागून. त्यामुळे या दोघांची मैत्री गेटावरच्या भांडणातून उगवलेली होती आणि त्याच पाण्यावर इतकी वर्षं टिकून होती. मोहनलालजींनी लॅपटॉप उचलला, वासराचे दात पाहावे तसा आडवा करून पाहिला, आणि म्हणाले, "मेलं म्हंजे काय झालं? धानाची काडी घालून पाहा नं गा. कचरा असंल."

"काडी घालाले हे काय बोरिंग आहे, मोहनलालजी?"

"मंग फुंका," त्यांची बायको धनवंताबाई म्हणाल्या. "माया शिलाई मशीनमंदी असंच होते. मी फुंकतो आन् मशीन चालते."

मोहनलालजींनी फुंकलं. धनवंताबाईंनी फुंकलं. नंतर जो येईल तो आधी फुंकर मारी आणि मग दुर्गाबाईंच्या पायाची चौकशी करी. लॅपटॉप बासरी असता तर तेवढ्यात दोन-चार गाणी वाजून झाली असती. भोक मात्र मेलं ते मेलंच.

मग नेटची कांडी. ती घ्यायला कंपनीच्या काउंटरवर घरपट्टीची पावती दाखवावी लागली. पावती वडिलांच्या नावावर होती आणि वडील जाऊन जमाना झाला होता. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "ते स्वतः येऊ शकतील का?" केवळराम म्हणाले, "आले तर माया आधी तुमालेच भेटतील." शेवटी अर्ज घेतला गेला, पण पडताळणीचा फोन येईल, तो उचलला नाही तर कांडी चालू होणार नाही, अशी तंबी मिळाली. केवळरामांच्या मोबाईलला घरात रेंज नव्हती. ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या उजव्या अंगाला मिळे. तेव्हा वैशाखाच्या उन्हात, डोक्यावर छत्री, हातात फोन, अशा थाटात निवृत्त कालवा निरीक्षक टाकीशेजारी बसून राहिले. खालून जाणारा प्रत्येक माणूस विचारी, "काऊन साहेब, वर कायले?" प्रत्येकाला खरं सांगणं शक्य नव्हतं. टाकी मोजून राहिलो, असं ते सांगत. फोन आला. पलीकडच्या बाईने विचारलं, "आपण केवळराम मेश्रामच बोलताय ना?" इतक्या उन्हानंतर केवळरामांना क्षणभर त्याचीही खात्री वाटेना, पण हो म्हणाले.

भोकांच्या शोधात मात्र गोंदियालाच जावं लागलं. सकाळी अर्जुनीहून पॅसेंजर धरून ते बाजारात उतरले आणि दुकानदाराला त्यांनी आपली अडचण शास्त्रशुद्ध शब्दांत सांगितली. "गेट एकच आहे. त्याले चार चाऱ्या काढायच्या आहेत. पाणी चारही शेतांत गेलं पायजे."

दुकानदाराने रस्त्यापलीकडे बोट केलं. "दादाजी, ये मोबाइल की दुकान है. मोटरपंप सामने मिलेगा."

केवळरामांनी पिशवीतून लॅपटॉप काढून भोक दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. "अरे, हब चाहिए आपको! एक में लगाओ, चार बन जाते हैं." त्याने खणात हात घातला आणि एक हिरवागार बाहुला काउंटरवर उभा केला. वीतभर उंचीचा, मोठ्या डोक्याचा, तोंडभर हसणारा. दोन हात पसरलेले, दोन पाय फाकलेले, प्रत्येक हातापायाच्या टोकाला एकेक भोक. पोटातून, नेमकी बेंबीच्या जागेवरून, एक तार निघालेली.

"यही एक पीस बचा है. बच्चों वाला है, पर काम बड़ों का करता है."

सरकारी माणसाने असली वस्तू हातात धरून गाडीत बसणं बरं दिसत नाही. पण पिशवीत लॅपटॉपच्या वर तो मावेना. परतीच्या पॅसेंजरमध्ये बाहुला मांडीवर बसला आणि डबाभर माणसांकडे पाहून हसत राहिला. समोरच्या बाईने विचारलं, "नातीसाठी नेऊन राहिले का, बाबाजी?"

"हो," केवळराम म्हणाले. आणि मग त्यांना जाणवलं की आपण आज पहिल्यांदाच कोणाला तरी अगदी खरं सांगितलं.

दुर्गाबाईंनी बाहुला हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग त्यांचं बोट त्या बेंबीच्या तारेवर थांबलं.

"याची नाळ अजून कापली नाही वो," त्या हळूच म्हणाल्या.  बाहुला उशाशी ठेवला.

आता सारं सुरळीत व्हायचं. पण त्याच संध्याकाळी गावची डीपी जळली. म्हणजे विजेचा जो डबा खांबावर असतो तो. फट्ट आवाज झाला, निळा उजेड पडला, आणि साऱ्या केशोरीचे पंखे हळूहळू थांबले. नवा डबा वरून मंजूर होऊन यायचा होता, आणि वरून येणाऱ्या वस्तू कशा येतात हे केवळरामांहून अधिक कोणाला ठाऊक असणार!

गावात जनरेटर एकच होता, ईश्वरदासचा. ईश्वरदास म्हणजे लग्नाचा मंडप, खुर्च्या, भोंगे, झगमगाट, सारं एकट्याच्या अंगावर घेणारा गडी. त्याच्याकडे लॅपटॉप भरून आणला. आणि इथे बातमी फुटली. मेश्रामांच्या घरी एक बाहुला आहे, त्याच्या हातापायाला लावला की मोबाईल भरते! दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं मोबाईल नि वायरी घेऊन ओसरीवर. नाही कोणाला म्हणायचं? दुर्गाबाईंचा पाय मोडला तेव्हा यांनीच खाट उचलली होती.

केवळरामांनी मग जन्मभर जे केलं तेच केलं. पाळी लावली. कालव्यावर लावतात तशी. खडूने भिंतीवर नावं लिहिली: उजवा हात अमुक, डावा पाय तमुक. "आपली पाळी आल्याबगर कोणी वायर खुपसायची नाही! आन् लॅपटॉपातलं पाणी नामकरणापुरतं राखून ठेवायचं आहे, ध्यानात ठेवा!" लोक मुकाट ऐकत. बाहुला चारही हातापायांनी गावाला दूध पाजत हसत बसे.

त्या दिवशी संध्याकाळी संघदीपशी तालीम ठरली होती. मोबाईल सारे काढले. बाहुल्याच्या हातांत कांडी आणि कॅमेरा, पायांत हेडफोन आणि माऊस. दुर्गाबाईंना उशा लावून बसवलं. बाहुल्याच्या छातीतला लाल दिवा लागला आणि पडद्यावर खरोखर संघदीप उगवला. थोडा ठिगळाठिगळांचा, पण आपलाच.

"आई, दिसतो का मी? थांब, बाळाले आणतो!"

तो उठला. रिकामी खुर्ची दिसू लागली. दुर्गाबाईंनी पदर सारखा केला. नात येणार होती. केवळरामांनी माऊस आता लागत नाही म्हणून काढून बाजूला ठेवला. बाहुल्यावरचा भार कमी व्हावा हा हेतू. खुर्चीमागून मोनाली येताना दिसली, तिच्या हातात पांढऱ्या दुपट्याचं गाठोडं दिसलं.

आणि पडदा गोठला. मग काळा झाला. कांडीचा दिवा विझला होता.

केवळरामांनी खाली पाहिलं. बाहुल्याच्या डाव्या पायात एक वायर होती. वायरीच्या टोकाला मोहनलालजींचा तो प्रचंड आवाजाचा चिनी मोबाईल होता, आणि त्यामागे स्वतः मोहनलालजी.

"रिकामंच होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, वाया कायले जाते."

केवळरामांनी वायर हिसडली. "साऱ्या जनमभर हेच केलं तुमी! हेडवर बसून टेलचं पाणी प्यायचं! पाणीचोर!"

 ज्या गावात धान पिकतं त्या गावात माणसाला चोर म्हटलं तरी चालतं, दारुड्या म्हटलं तर तो हसतो. पण पाणीचोर म्हणत नाहीत. मोहनलालजींनी वायर गुंडाळली. अगदी सावकाश. फोन खिशात टाकला.

"तुमच्या पाळीत माहं नाव आहे का, मेश्रामजी?"

"नाही! आन् राहणारही नाही!"

"बरं," मोहनलालजी म्हणाले, आणि उतरून गेले. पुन्हा जोडायला गेलं तर कांडी रुसली ती रुसलीच. गाठोडं दिसलं होतं. चेहरा दिसला नव्हता.

सकाळी केवळराम गच्चीवर चढले आणि त्यांनी गोंदियाच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, चार-चार चीज़ें लगाओगे तो पॉवर कम पड़ेगा ही, अलग से एडॉप्टर लगाओ. म्हणजे टेलला दुसऱ्या विहिरीचं पाणी. तत्त्व पटलं. एडॉप्टर ईश्वरदासकडे टोपलीभर होते. त्याने बाहुल्याचं माप घेतलं, कमरेजवळचं बारीक भोक शोधलं, आणि टोपलीतून एक काळा ठोकळा निवडला.

"हा कायचा आहे?" केवळरामांनी विचारलं.

"लग्नातल्या धुराच्या मशीनचा. भारी माल आहे, साहेब. बसते बरोबर."

"बसते ते दिसून राहिलं. चालते का?"

"बसलं म्हंजे चालते. आपल्या धंद्यात असंच आहे."

बसलं. ईश्वरदासने जनरेटर ओढला. बाहुल्याच्या छातीतला दिवा इतका लख्ख लागला की केवळरामांना धन्य वाटलं. मग दिवा जांभळा झाला, आणि धुराच्या मशीनची ती वस्तू आपल्या मूळ धर्माला जागली. दोन्ही पायांतून धूर. माऊस काढून ठेवला होता म्हणून वाचला. उजव्या पायातला हेडफोन कायमचा मुका झाला. पाय मेणासारखे वाकले, आणि तरीही तो हसतच होता, हे केवळरामांना फार लागलं.

"हात शाबूत आहेत," ईश्वरदास तपासून म्हणाला. त्याच्या बोलण्यात दिलासा होता. मग तो जनरेटर टेम्पोवर चढवून देवरीच्या एका लग्नाला निघून गेला. बुद्धपौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती.

घरी दुर्गाबाईंनी बाहुल्याला पाहिलं.  उशाखालचं जुन्या लुगड्याचं फडकं फाडलं आणि त्याचे दोन्ही पाय नीट बांधून दिले.

"माया सारकाच झाला," त्या म्हणाल्या.

"दोन हात आहेत," केवळराम म्हणाले. "एका हातात कांडी. दुसऱ्यात आधी माऊस, मंग माऊस काढून कॅमेरा. नात दिसंल तुले. तू तिले दिसशीन."

"आन् पाळणा?"

केवळरामांनी मुका झालेला हेडफोन गुंडाळून फडताळात टाकला.

"मी तोंड हालवीन आन् लेकरू नुसतं पाहीन," दुर्गाबाई म्हणाल्या. "बरं आहे. तेवढं तर तेवढं." आणि बाहुल्याला उशाशी ठेवून त्यांनी कूस बदलली. रागावल्या असत्या तर केवळरामांना उत्तर देता आलं असतं. कोरड्या पाटाशी बसलेला टेलवाला असाच बोलतो, हे ते पुष्कळदा ऐकून होते. बरं आहे साहेब, तेवढं तर तेवढं.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. अंगणात सडा पडला. दुर्गाबाई पांढरं लुगडं नेसून खाटेवर बसल्या. पांढऱ्या साड्यांतल्या बाया जमल्या, तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. धनवंताबाई आल्या होत्या. पुरुषांची भांडणं बायांना लागू नसतात, असा आमच्याकडे नियम आहे. मोहनलालजी आले नव्हते.

"आज आवाज नाही वो तुमच्या घरून," दुर्गाबाई त्यांना म्हणाल्या. "रोज कसं गाणं वाजते मोबाईलवर."

"कायचा आवाज? मेला तो फोन," धनवंताबाई म्हणाल्या. "भरलाच नाही. बसले आहेत घरी त्याले मांडीवर घेऊन."

केवळराम कांडी जोडत होते. त्यांचा हात थांबला. मोहनलालजींचा फोन. कांडी ज्या कंपनीची तोही त्याच कंपनीचा. गावात घराच्या आत बोलणारा तेवढाच. एवढ्या मोठ्या आवाजाचा की धानात वाजला तर रानडुक्कर पळावं. आणि तो मेला होता. कारण त्याची पाळी कोणीतरी लावली नव्हती.

दुर्गाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याच्या डोक्यात काय उगवलं ते नवऱ्याच्या आधी दिसतं.

"जा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"मंग मी जाऊ? प्लास्टर घेऊन?"

दोन घरांमध्ये एक कुंपण आणि एक चिंच. एवढंच अंतर, पण केवळरामांना ते कालव्याच्या हेडपासून टेलपर्यंत पायी गेल्यासारखं वाटलं. मोहनलालजी खरंच ओसरीवर बसले होते. मांडीवर काळा, मुका फोन.

"काऊन, मेश्रामजी? पाळी आली का आमची?"

केवळरामांनी वाटेत एक वाक्य जुळवलं होतं. त्यात परिस्थिती, गैरसमज आणि सार्वजनिक हित असे शब्द होते. ते सारं चिंचेखालीच गळून पडलं.

"पाणी तुमच्या शेतातूनच न्यावं लागते," ते म्हणाले. "दुसरी वाट नाही, मोहनलालजी. टेलवर माही बायको बसली आहे."

 मोहनलालजींनी फोन उचलून कपड्याने पुसला. "बॅटरी खराब आहे याची. वायर काढली का लगेच मरते."

"वायर काढणार नाही."

"अख्खं नामकरणभर?"

"अख्खं नामकरणभर. तुमचीच पाळी."

"मंग चाला नं गा," मोहनलालजी उठत म्हणाले, "उभे कायले राहिले? पोरगी तिकडे म्हातारी होऊन जाईन."

लॅपटॉपात अगदी थोडं पाणी उरलं होतं. उजव्या हातात कांडी, डाव्यात माऊस. व्हिडिओ कॉल लागला, पडद्यावर बंगलोरची खोली उगवली. फुलांचा पाळणा, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, सारं मुकं. केवळरामांनी माऊस काढला. आता एक हात रिकामा, आणि मागणारे दोन: कॅमेरा आणि मोहनलालजींचा फोन.

"कॅमेरा लावला तर ती तुले पाहीन," केवळराम म्हणाले. "फोन लावला तर आयकंल. काय करू, तू सांग."

"मले पाहून काय करते ते?" दुर्गाबाई म्हणाल्या. "माया आवाज जाऊ द्या."

फोनची वायर बाहुल्याच्या डाव्या हातात गेली. फोन थरथरला, जागा झाला, आणि आपली ती कर्कश सलामी त्याने अशी दणकून दिली की खोलीतल्या दोन मेणबत्त्या विझल्या. वायर वीतभर. म्हणून दुर्गाबाईंना लॅपटॉपाच्या पार जवळ सरकवलं. केवळराम एका बाजूने खाट धरून, मोहनलालजी दुसऱ्या बाजूने वायर धरून. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. संघदीपचा नंबर लागला. आणि खोलीभर एक इवलासा, चिरका, रागाने लाल झालेला आवाज भरला.

नात रडत होती.

पडद्यावर मोनालीने तिला पाळण्यातून उचलून पुढे धरलं. दुर्गाबाईंनी पहिल्यांदा तिला पाहिलं. बोटभर नाक, मुठी घट्ट, तोंड उघडं. चित्र ठिगळाठिगळांचं होतं, पण आजीला ठिगळं दिसत नसतात.

"संघदीपचंच नाक," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. बाया थांबल्या. केवळरामांनी बायकोकडे पाहिलं. आता इतकं झाल्यावर आवाजच फुटला नाही तर?

"दुर्गाबाई," मोहनलालजी दबक्या आवाजात म्हणाले, "पाणी सोडा वो."

दुर्गाबाई हसल्या. आणि त्यांनी ओवी टाकली.

*पह्यली माझी ओवी, पाण्याच्या पाटाले,*
*दूरच्या नातीच्या इवल्याशा बोटाले.*

*दुसरी माझी ओवी, मोहाच्या फुलाले,*
*पहाटेचं फूल माझं, आलं गं झुल्याले.*

बायांनी ओळ उचलली, रोवण्यात उचलतात तशी, हळू. फोन तापला होता. मोहनलालजींनी वायर सोडली नाही. दुर्गाबाईंची नजर क्षणभर लॅपटॉपाशी बसलेल्या, पाय बांधलेल्या हिरव्या बाहुल्याकडे गेली, आणि न रचलेली ओवी आपोआप आली.

*तिसरी माझी ओवी, बाहुल्याच्या हाताले,*
*धरून ठेव बापा, दूरच्या नात्याले.*

बाया हसल्या. मग तिकडून, गर्दीच्या गलबल्यातून, संघदीपचा आवाज आला, "आई, नाव ठेवलं! विशाखा!" दुर्गाबाई थांबल्याच नाहीत. जणू नाव त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

*चवथी माझी ओवी, विशाखा नावाले,*
*सांगून ये रे वाऱ्या, साऱ्याच गावाले.*

ओवी संपली आणि त्यांच्या ध्यानात आलं, फोनमधलं रडणं थांबलं होतं. नुसता श्वास येत होता, चिमणीच्या पंखासारखा. मोनाली कुजबुजली, "आई, झोपली."

पण पडद्यावर नात रडतच होती. तोंड उघडं, मुठी घट्ट, डोळे मिटून जीव खाऊन रडणं. बाया कासावीस झाल्या. "कुठं झोपली वो? रडूनच राहिली ना लेकरू!" दुर्गाबाईंनी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात लाल खूण लुकलुकत होती; पाणी संपत आलं होतं.

केवळराम खाटेची कड धरून खाली बसले. कालव्याच्या काठी, गेट उघडून दिल्यावर, टेलवाल्या म्हाताऱ्यांशेजारी ते असेच बसत असत.

"थांब, दुर्गा," ते म्हणाले. "आवाज आधी पोचला. चित्र मागून येऊन राहिलं. गेट उघडलं का लगेच टेलला दिसत नाही. पाणी चालत येते."

 सारी खोली त्या ठिगळांच्या चौकोनाकडे टक लावून बसली. मग सावकाश, अडखळत, एकेक ठिगळ करून, पडद्यावरचं तोंड मिटलं. कपाळावरची आठी गेली. एक मूठ सुटली, आणि तांदळाच्या दाण्याएवढी पाच नखं उघडी झाली. जिवणीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. झोपेतलं हसू असावं.

मोहनलालजींचा सारा जन्म हेडवर गेलेला. कोरड्या पाटात पहिली धार येताना कशी दिसते, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वायर घट्ट धरून, मान पुढे काढून ते पाहत होते.

"आलं गा," ते केवळरामांना हळूच म्हणाले. "आलं पाणी."